मुकी झालेली किल्ली

प्रस्तावना

किल्लीचे दाते कुलपाच्या आतील खाचांशी जुळले की कुलूप उघडते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. मोटारीच्या किल्लीने मात्र गेल्या काही दशकांत आपले रूप पालटले आहे. गाडीला स्पर्शही न करता, दहा-पंधरा पावलांवरून ती दार उघडते आणि बंद करते. १९८२ साली फ्रान्समधील रेनो कंपनीच्या 'फ्युएगो' या गाडीत अशी सोय आली, तेव्हा ती नवलाची गोष्ट होती. आज ती साध्या कुटुंबाच्या गाडीतही असते. सोय नीट चालते तोवर तिचा कोणी विचार करीत नाही. पण एखाद्या सकाळी बटण दाबूनही गाडी ओळख देत नाही, तेव्हा मालक गोंधळतो आणि पुष्कळदा कारागीरही गोंधळतो.

प्रस्तुत पाठात या बिघाडाचे निदान कसे करावे, याचे विवेचन केले आहे. वाहनदुरुस्तीचे काम करणाऱ्यांना ते उपयोगी पडेलच. परंतु पाहिलेली गोष्ट कोणती आणि तिच्यावरून बांधलेला तर्क कोणता, यांत भेद करून नेमक्या शब्दांत मांडणी कशी करावी, हे शिकणे हा या पाठाचा मुख्य हेतू आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर रिमोट किल्लीचे कार्य आपण स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल, निरीक्षण आणि अनुमान यांतील फरक ओळखू शकाल, 'जर... तर' या रचनेचा उपयोग करून विचारांची साखळी मांडू शकाल आणि एखाद्या यंत्राच्या बिघाडाची नोंद इतरांना समजेल अशा भाषेत लिहू शकाल.

मूळ पाठ

बेंगळुरू शहराच्या जुन्या भागात जयचामराजेंद्र रस्ता आहे. लोक त्याला जे. सी. रस्ता म्हणतात. मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने तेथे दाटीवाटीने उभी आहेत. तेथून पायी जाण्याच्या अंतरावर सदर पत्रप्पा रस्ता, म्हणजे एस. पी. रस्ता लागतो. तो इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार. गाडी बिघडली तर पहिल्या रस्त्याला जावे आणि रेडिओ बिघडला तर दुसऱ्या, अशी पूर्वी सरळ वाटणी होती. रिमोट किल्लीने ही वाटणी मोडली. ती दिसायला किल्ली असली, तरी वस्तुतः खिशात मावणारे एक लहानसे रेडिओकेंद्र आहे. ती दुरुस्त करणाऱ्याला दोन्ही रस्त्यांची माहिती असावी लागते.

या शहरातील गॅरेजमध्ये आणखी एक अडचण असते, ती भाषेची. गाडीचा मालक आपली तक्रार कन्नडमध्ये सांगतो. समोरचा नोंद घेणारा ती इंग्रजीत लिहितो. प्रत्यक्ष काम करणारा कारागीर घरी तमिळ, तेलुगू, उर्दू किंवा मराठी बोलणारा असतो. एका भाषेतून दुसरीत जाताना तक्रार झिजत जाते, आणि मालकाने सांगितलेल्या पाच वाक्यांचे कागदावर दोनच शब्द उरतात : 'रिमोट खराब'. या दोन शब्दांवरून कारागीर किल्ली उघडून बसतो. दोष किल्लीत नसेल, तर त्याचा सारा दिवस वाया जातो आणि मालकाचे पैसेही. नवी किल्ली घेऊन ती गाडीत नोंदवून घ्यायची, तर कित्येक हजार रुपये लागतात. आतील सेल शंभर रुपयांच्या आत मिळतो. या दोन रकमांमधील अंतर म्हणजेच निदानाची किंमत होय.

बटण दाबल्यावर काय घडते?

निदान करण्यापूर्वी घटनांचा क्रम माहीत हवा. बटण दाबताच किल्लीतील इवलीशी चकती, म्हणजे चिप, जागी होते. ती एक सांकेतिक संदेश तयार करते आणि रेडिओलहरींवरून पाठविते. भारतात आणि युरोपात या लहरींची वारंवारता बहुतांशी ४३३.९२ मेगाहर्ट्झ असते. म्हणजे एका सेकंदात ४३ कोटी ३९ लाख २० हजार कंपने. अमेरिकेत त्यासाठी प्रामुख्याने ३१५ मेगाहर्ट्झचा उपयोग होतो. म्हणूनच परदेशातून मागविलेली दिसायला हुबेहूब किल्ली येथील गाडीशी बोलू शकत नाही. आकार तोच असतो, पण स्वर निराळा.

गाडीतील ग्राहक हा संदेश ऐकतो आणि 'बॉडी कंट्रोल मॉड्यूल' या संगणकाकडे देतो. दारे, दिवे, वायपर, भोंगा यांचा कारभार हा संगणक पाहतो. संदेश आपल्याच किल्लीचा आहे, अशी त्याची खात्री पटली तर तो दोन गोष्टी करतो : इंडिकेटरचे दिवे लुकलुकवितो आणि प्रत्येक दारातील लहान मोटरला वीज देऊन कुलपाचा खटका हलवितो. म्हणजे बोट, बटण, सेल, चिप, हवा, ग्राहक, संगणक, तार, मोटर आणि खटका अशी ही साखळी आहे. कोणतीही एक कडी निसटली, तरी मालकाला दिसणारे दृश्य एकच असते : दार उघडत नाही. आपल्याला शोधायची असते ती नेमकी कडी.

आता पुढील संवाद वाचा. तो कल्पित आहे, परंतु असे संवाद कोणत्याही गॅरेजमध्ये रोज घडू शकतात.

"मिस्त्री, रिमोट बिघडलाय. नवीन बसवून टाका."

"बसवू की, साहेब. पण आधी सांगा, बिघडलाय म्हणजे नेमकं काय होतं?"

"काय होणार? बटण दाबलं की दार उघडत नाही."

"एकच दार, की चारही?"

"मी चालवायला बसतो ते पुढचं. मागची पाहिली नाहीत."

"बटण दाबल्यावर गाडीचे इंडिकेटर लुकलुकतात?"

"हो, ते लुकलुकतात."

"मग रिमोटला हात लावायला नको, साहेब. रिमोट बोलतोय आणि गाडी ऐकतेय. हात हलत नाहीये तो दाराचा."

मिस्त्रींनी कोणतेही हत्यार हाती घेतले नाही, कोणताही भाग उघडला नाही. तरीही त्यांनी साखळीचा अर्धा भाग संशयातून मुक्त केला. इंडिकेटर लुकलुकतात, याचा अर्थ बोटापासून संगणकापर्यंतच्या सर्व कड्या शाबूत आहेत. दोष त्यापुढे, म्हणजे तार, मोटर किंवा खटका यांत आहे. 'रिमोट बिघडला' हे मालकाचे वाक्य निरीक्षण नव्हते. ते अनुमान होते, आणि चुकीचे होते. 'बटण दाबल्यावर इंडिकेटर लुकलुकतात, पण पुढचे दार उघडत नाही' हे निरीक्षण आहे. ते कोणालाही पुन्हा पाहता येते. कोणत्याही भाषेत त्याचे भाषांतर केले, तरी त्याचा अर्थ झिजत नाही.

पाठगत प्रश्न १

पुढील विधानांपैकी निरीक्षणे कोणती व अनुमाने कोणती, ते ओळखा.
(अ) किल्लीवरचा लाल दिवा लागत नाही.
(आ) सेल संपला आहे.
(इ) दुसऱ्या किल्लीने दार उघडते.
(ई) पावसाचे पाणी आत गेले असावे.

अर्ध्यावर अर्धे

अनुभवी कारागीर सर्व शक्यता एकेक करून तपासत बसत नाही. जिच्या उत्तराने निम्म्या शक्यता गळून पडतील, अशी परीक्षा तो प्रथम करतो. इंडिकेटरविषयीचा प्रश्न अशांपैकीच एक. दुसरी परीक्षा दुसऱ्या किल्लीची. गाडीसोबत बहुधा दोन किल्ल्या मिळतात आणि दुसरी घरातील कपाटात पडून असते. तिने दार उघडले, तर गाडी निर्दोष आणि पहिली किल्ली दोषी. दोन्ही किल्ल्या एकाच दिवशी मुक्या झाल्या असतील, तर दोष गाडीत किंवा भोवतालच्या हवेत असण्याचा संभव अधिक. ग्राहकाने दूरध्वनीवरून चौकशी केली, तर 'येताना दुसरी किल्लीही घेऊन या' असे त्याला सांगणे, हे अर्धे काम केल्यासारखेच होय.

तिसरी परीक्षा गाडीच्या आतील खटक्याची. चालकाच्या दारावर सर्व कुलपे एकदम लावण्याचे बटण असते. ते दाबल्यावर चारही दारे बंद झाली, तर मोटरी, तारा आणि फ्यूज ठीक आहेत. तीनच बंद झाली, तर चौथ्या दाराकडे पाहावे. दार आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये रबराची एक घडीदार नळी असते आणि तिच्यातून तारा जातात. दार उघडताना व मिटताना त्या प्रत्येक वेळी वाकतात. वर्षानुवर्षे वाकून एखादी तार आतल्या आत तुटते, पण वरचे आवरण मात्र धड दिसते. दार थोडे हलविल्यावर कुलूप कधी चालते आणि कधी चालत नाही, असे दिसले तर ही नळी प्रथम तपासावी.

आता काही गाड्यांचा स्वभाव पाहू. एखादे दार किंवा डिकी नीट लागलेली नसेल, तर पुष्कळ गाड्या रिमोटने कुलूप लावून घेत नाहीत. किल्ली इंजिन सुरू करण्याच्या खाचेत असताना रिमोटचे बटण निष्क्रिय राहते, असेही अनेक गाड्यांत आढळते. दारातील ज्या लहान स्विचमुळे दार उघडे असल्याचे संगणकाला कळते, तो स्विच अडकला, तर बंद दारही गाडीला उघडे वाटते. अशा वेळी गाडीच्या आतील दिवा मालवत नाही, हा महत्त्वाचा संकेत आहे. किल्ली बदलून हा दोष जाणार नाही. स्विच स्वच्छ केला तरी तो कदाचित जाईल.

सेलची गोष्ट

दुसरी किल्ली चालते आणि पहिली चालत नाही, एवढे निश्चित झाल्यावर पहिली किल्ली उघडावी. आत नाण्यासारखा सेल असतो. बहुधा त्यावर 'सीआर २०३२' अशी अक्षरे व अंक असतात. 'सी' म्हणजे लिथियम व मँगनीज डायऑक्साइडचा सेल आणि 'आर' म्हणजे गोल. पहिले दोन अंक व्यास सांगतात, २० मिलिमीटर. उरलेले दोन जाडी सांगतात, ३.२ मिलिमीटर. 'सीआर २०१६' या सेलचा व्यास तोच, पण जाडी अवघी १.६ मिलिमीटर. तो २०३२ च्या जागी बसविला तर सैल राहतो आणि किल्ली हलवली की संपर्क तुटतो. 'नवा सेल घातला तरी चालत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण असते. कधी सेल उलटा बसविलेला असतो. कधी त्यावरील पारदर्शक चिकटपट्टी काढायची राहून गेलेली असते. धातूची पट्टी दबून गेल्याने ती सेलला टेकत नाही, असेही घडते.

सेल मोजण्यातही एक फसगत आहे. मल्टिमीटरने नुसताच सेल मोजला तर जुना सेलही जवळजवळ ३ व्होल्ट दाखवितो. विश्रांती घेत बसलेला म्हातारा हमालही सशक्तच दिसतो. त्याची खरी शक्ती ओझे उचलतानाच कळते. म्हणून सेल किल्लीत ठेवून, मल्टिमीटरची टोके त्याला टेकवून, बटण दाबावे. त्या क्षणी व्होल्ट बरेच खाली, साधारण अडीचच्या खाली घसरले, तर सेल थकला आहे असे समजावे. डिसेंबर-जानेवारीच्या गार पहाटे किल्ली चालत नाही आणि दुपारी चालते, ही तक्रारही अशाच थकलेल्या सेलकडे बोट दाखविते. गाडीच्या अगदी जवळ गेल्यावरच दार उघडते, हा त्याआधीचा टप्पा.

सेल चांगला असूनही किल्ली मुकी असेल, तर ती कधी पडली होती काय, हे विचारावे. बटणाखालचा बारीक स्विच ज्या सोल्डरने जोडलेला असतो, ते सोल्डर पडल्याने तडकते. लहरींची वारंवारता ठरविणारा स्फटिकासारखा नाजूक भागही फुटू शकतो. येथे किल्लीवरील लाल दिव्यावर विसंबून राहू नये. दिवा लागतो, म्हणजे सेल व बटण काम करीत आहेत, इतकेच सिद्ध होते. लहरी बाहेर पडत आहेत, हे सिद्ध होत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर किल्ली धरून ती तपासण्याची एक युक्ती लोक सांगतात. ती दूरदर्शन संचाच्या रिमोटला लागू पडते, कारण त्यातून अवरक्त प्रकाश निघतो आणि कॅमेऱ्याला तो पुष्कळदा दिसतो. रेडिओलहरी कोणत्याच कॅमेऱ्याला दिसत नाहीत. त्यासाठी वारंवारता ओळखणारे छोटे उपकरण लागते. दररोज किल्ल्यांचे काम करणाऱ्याने ते बाळगणेच श्रेयस्कर.

किल्ली आणि गाडी यांची मोजणी

किल्ली दर वेळी एकच संदेश पाठवीत असती, तर चोराने तो हवेतून टिपून पुन्हा वापरला असता. म्हणून प्रत्येक दाबाला संदेश बदलतो. त्यासाठीच्या पद्धतींपैकी 'कीलॉक' नावाची पद्धती विशेष प्रसिद्ध आहे. १९८० च्या दशकात ती दक्षिण आफ्रिकेत तयार झाली आणि १९९५ साली अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने ती विकत घेतली. या पद्धतीत किल्लीत एक मोजणी चालू असते. प्रत्येक दाबाला आकडा एकने वाढतो आणि सांकेतिक रूपात पाठविला जातो. गाडी शेवटी ऐकलेला आकडा लक्षात ठेवते व त्यापुढचाच आकडा मान्य करते. मागचा आकडा आला तर दुर्लक्ष करते.

मग घरात बसलेल्या मुलाने खेळता खेळता बटण वीस वेळा दाबले तर? किल्लीची मोजणी वीसने पुढे जाते आणि गाडीला त्याचा पत्ताही नसतो. अशा प्रसंगासाठी कीलॉकमध्ये सवलत ठेवलेली आहे. आकडा सोळापर्यंत पुढे असेल, तर गाडी तो लगेच मान्य करते. त्याहून पुढे, सुमारे बत्तीस हजारांपर्यंत असेल, तर लागोपाठचे दोन संदेश ऐकून मगच ती खात्री करून घेते. म्हणून 'पहिल्यांदा बटण दाबले तर काहीच होत नाही, दुसऱ्यांदा दाबले की उघडते आणि नंतर नीट चालते' ही तक्रार बिघाडाची नसते. दोन ओळखीचे लोक बऱ्याच दिवसांनी भेटल्यावर क्षणभर थबकतात, तसाच हा प्रकार आहे. ही पद्धतीही अभेद्य राहिली नाही. किल्ली वापरीत असलेल्या विजेच्या सूक्ष्म चढउतारांवरून तिचे गुपित काढता येते, हे जर्मनीतील बोखुम येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले.

दार उघडत नाही आणि इंजिनही सुरू होत नाही, तेव्हा मालक दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगतो. पण त्या दोन निराळ्या व्यवस्था आहेत. इंजिनाला परवानगी देणारी चिप किल्लीच्या डोक्यात वेगळी असते. खाचेभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून, बहुधा १२५ किलोहर्ट्झच्या लहरींनी, तिला वीज मिळते. तिला सेल लागत नाही. म्हणूनच सेल पूर्ण संपलेल्या किल्लीने, दार हाताने उघडून, इंजिन सुरू करता येते. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांतही किल्ली त्या बटणाला किंवा नेमून दिलेल्या जागी टेकवली, तर गाडी सुरू होते. रात्री रस्त्यात अडकलेल्या कुटुंबाला ही एक गोष्ट ठाऊक असली, तर गाडी ओढून नेण्याचा खर्च वाचतो.

पाठगत प्रश्न २

(अ) मल्टिमीटरने सेल मोजताना बटण दाबणे का आवश्यक आहे?
(आ) किल्लीतील सेल संपल्यावरही इंजिन सुरू होऊ शकते, याचे कारण सांगा.

हवेतील दोष आणि पाण्यातील दोष

किल्ली ठीक आणि गाडीही ठीक, तरीही दार उघडत नाही, असे होऊ शकते. २०१९ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, नॉर्थ ओल्मस्टेड या गावी, एका वस्तीतील अनेक गाड्यांच्या किल्ल्या आणि गॅरेजच्या दारांचे रिमोट कित्येक दिवस चालेनासे झाले. प्रत्येकाने आपापली किल्ली दुरुस्तीला दिली असती, तर एकाचाही दोष सापडला नसता. अखेर शोध घेता घेता कारण हाती आले. इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेल्या एका रहिवाशाने घरापुरते एक उपकरण बनविले होते आणि त्यातून ३१५ मेगाहर्ट्झच्या लहरी सतत बाहेर पडत होत्या. उपकरण बंद करताच सगळ्या किल्ल्या बोलू लागल्या. त्या रहिवाशाला आपल्यामुळे कोणाची अडचण झाली आहे, याची कल्पनाही नव्हती.

४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टाही असाच गजबजलेला असतो. फाटकांचे रिमोट, बिनतारी घंटा, घरातील चोरघंटा अशी अनेक लहान उपकरणे तेथे बोलत असतात. त्यामुळे 'घराखाली उघडत नाही, कार्यालयात उघडते' असे मालकाने सांगितले, तर गाडी उघडण्याआधी जागा बदलून पाहावी. गाडी शंभर-दीडशे मीटर दूर नेऊन तीच किल्ली दाबावी. या परीक्षेला एक पैसाही लागत नाही.

बेंगळुरूला पाण्याचा दोषही परिचित आहे. सप्टेंबर २०२२ मधील अतिवृष्टीत बेलंदूर, सर्जापूर रस्ता आणि बाह्य वळणमार्गाचा परिसर जलमय झाला. वस्त्यांच्या तळघरांत आणि रस्त्यांवर असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशा गाड्या वाळल्यावर चालू होतात आणि मालकाला हायसे वाटते. पण अनेक गाड्यांत बॉडी कंट्रोल मॉड्यूल डॅशबोर्डच्या खाली, पायांजवळ असते. त्याच्या जोडणीत शिरलेले पाणी तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढविते आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, दारे मनात येईल तेव्हा उघडू-मिटू लागतात. मालक या दोषाचा संबंध पुराशी जोडत नाही, कारण मध्ये बराच काळ गेलेला असतो. म्हणून 'गाडी कधी पाण्यात उभी होती का?' हा प्रश्न या शहरात विचारावाच लागतो.

संगणकाला जोडून दोष वाचणारे स्कॅनर आता लहान गॅरेजमध्येही आले आहेत. ते उपयुक्त आहेत. मात्र त्यांचे म्हणणेही निरीक्षण म्हणूनच वाचले पाहिजे. 'दाराच्या मोटरचा वीजमार्ग खंडित' असे स्कॅनर दाखवितो, तेव्हा मोटर जळाली आहे असे तो म्हणत नाही. मार्ग मोटरमध्ये तुटला, की रबरी नळीतील तारेत, की जोडणीत, हे शोधणे कारागिराच्याच हाती उरते. स्कॅनरचे वाक्य अर्धवट वाचून नवी मोटर बसविणारे कारागीर थोडे नाहीत.

शेवटी नवी किल्ली नोंदविण्याची वेळ आलीच, तर दोन गोष्टी पाळाव्या. अनेक गाड्यांत नवी किल्ली नोंदविताना जुन्यांची नोंद पुसली जाते; त्यामुळे ग्राहकाच्या सर्व किल्ल्या त्या वेळी हजर असाव्या, नाही तर घरी ठेवलेली चांगली किल्लीही मुकी होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गाडीचे नोंदणीपत्र आणि मालकाचे ओळखपत्र पाहिल्याशिवाय कोणाही अनोळखी माणसाला नवी किल्ली करून देऊ नये. गाडी ज्या माणसाची आहे, तो त्या वेळी समोर नसतो; त्याच्या विश्वासाचे रक्षण कारागिरालाच करावे लागते.

भाषाविचार

या पाठात 'जर... तर' या रचनेची अनेक वाक्ये आली आहेत. काही ठिकाणी 'जर' हा शब्द गाळलेला आहे, तरीही अर्थ कळतो : 'दुसरी किल्ली चालली, तर गाडी निर्दोष.' अशा वाक्यांना संकेतार्थी वाक्ये म्हणतात. पहिल्या भागात अट असते आणि दुसऱ्या भागात निष्कर्ष. निदानाच्या भाषेत पहिल्या भागात निरीक्षणच असावे. 'जर सेल संपला असेल, तर सेल बदला' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे, पण कारागिराला ते निरुपयोगी आहे. कारण सेल संपला की नाही, हेच तर त्याला शोधायचे आहे. 'बटण दाबताना व्होल्ट अडीचच्या खाली गेले, तर सेल बदला' हे वाक्य त्याला काय करावयाचे ते सांगते.

तक्रारनोंद लिहितानाही हाच नियम लागू पडतो. पुढील दोन नोंदी ताडून पाहा.

पहिली नोंद : रिमोट खराब. तपासावा.

दुसरी नोंद : मूळ किल्लीने दार उघडत नाही, लाल दिवा लागतो, इंडिकेटर लुकलुकत नाहीत. दुसऱ्या किल्लीने चारही दारे उघडतात. इंजिन दोन्ही किल्ल्यांनी सुरू होते. किल्ली गेल्या आठवड्यात जिन्यावरून पडली होती.

दुसरी नोंद वाचणारा कारागीर गाडीकडे वळणारही नाही. तो किल्ली उघडेल, सेल पाहील आणि मग भिंग घेऊन सोल्डरच्या जागा तपासू लागेल.

स्वाध्याय

१. रिमोट किल्लीपासून दाराच्या खटक्यापर्यंतची साखळी आपल्या शब्दांत लिहा.

२. कारणे सांगा : (अ) दुसऱ्या देशातील हुबेहूब किल्ली येथे चालत नाही. (आ) पुरात सापडलेल्या गाडीचा दोष पुष्कळदा उशिरा प्रकट होतो. (इ) स्कॅनरने 'वीजमार्ग खंडित' असे दाखविले, तरी लगेच मोटर बदलू नये.

३. एका गाडीची दोन्ही बाजूंची पुढची दारे रिमोटने उघडतात. मागचे डावे दार कधी उघडते, कधी उघडत नाही. इंडिकेटर प्रत्येक वेळी लुकलुकतात. दोष साखळीच्या कोणत्या भागात असावा? आपल्या उत्तराला आधार देणारी निरीक्षणे लिहा.

४. पुढील वाक्ये निरीक्षणाच्या रूपात पुन्हा लिहा : (अ) पंखा जळाला. (आ) मोबाइलची बॅटरी गेली. (इ) शिलाई यंत्र म्हातारे झाले.

५. आपल्या घरातील किंवा कामाच्या ठिकाणच्या एखाद्या बिघडलेल्या यंत्राची तक्रारनोंद सात-आठ ओळींत लिहा. ती आपल्यापेक्षा निराळी भाषा बोलणाऱ्या सहकाऱ्याला त्याच्या भाषेत सांगा आणि त्याला काय समजले ते पुन्हा मराठीत लिहून मूळ नोंदीशी ताडून पाहा.